लेकीच्या डोक्यावरची शपथ

ते प्रकरण आठवलं की मला अजूनही एका जागी बसवत नाही. उठतो, गॅलरीत फेऱ्या मारायला लागतो. बायको आतूनच म्हणते, "झालं! आली वाटतं तुमची ती देवळ्याची मुलगी." मग चहा ठेवते. तिला माहीत झालंय की आता तासभर या माणसाशी बोलण्यात अर्थ नाही.

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, सख्ख्या भावांनी बांधावरून एकमेकांची डोकी फोडलेली पाहिली. दोषारोपपत्र कोर्टात गेलं की ती प्रकरणं माझ्या डोक्यातूनही जायची. हे एक जात नाही. गंगापूर रोडने जाताना त्या पाट्या दिसतात ना, एका बाईचे दोन फोटो, 'आधी' आणि 'नंतर', त्या पाहिल्या की माझं टाळकं सरकतं. नावं कोणाचीच घेणार नाही. ज्यांची आहेत त्यांना ती कळतील, बाकीच्यांना गरज नाही.

मी तेव्हा नाशिक शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. सकाळची हजेरी नुकतीच झाली होती. ठाणे अंमलदार रात्रीच्या नोंदी वाचून दाखवत होता. मोटरसायकल चोरी, दारू पिऊन धिंगाणा, आणि एका खासगी रुग्णालयातून आलेली एमएलसी. भाजणं, विषबाधा, अपघात असा रुग्ण आला की रुग्णालयाने पोलिसांना कळवायचं असतं, त्याला एमएलसी म्हणतात. मजकूर साधा होता. तरुण मुलगी, गरम पाण्याची पिशवी फुटून पोटावर भाजली, प्रकृती गंभीर. अशा कामाला हवालदार जातो, जबाब घेतो, परत येतो. मीही तेच करणार होतो. तेवढ्यात त्याच रुग्णालयातल्या सर्जनचा फोन आला.

"साहेब, तुम्ही स्वतः या. आणि एखाद्या लेडीज पोलिसांना घेऊन या. फोनवर सांगण्यासारखं नाही."

डॉक्टर लोक पोलिसांना आपणहून बोलावत नाहीत, आम्हाला टाळतातच. हा बोलावतोय म्हटल्यावर मी आमच्या महिला हवालदारांना घेतलं आणि निघालो. या बाई मूळच्या मालेगावच्या, विणकराच्या घरातल्या. यंत्रमागाच्या खडखडाटात वाढल्यामुळे असेल, ठाण्यात कितीही गोंधळ असला तरी त्यांचं लक्ष ढळायचं नाही. बोलायच्या कमी. मी मात्र तापट. खात्यात माझ्यामागे मला काय म्हणायचे ते मला ठाऊक आहे, इथे लिहिण्यासारखं नाही.

सर्जन आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, "कातडी भाजली आहे हे खरं. पण आजार तो नाहीच. बेंबीखाली आणि दोन्ही कुशींना बारीक छेद आहेत, टाके घातलेले. नळी घालून पोटाची चरबी ओढून काढतात, त्याच्या खुणा आहेत त्या. कोणीतरी हे केलंय आणि बिघडवलंय. आतड्याला भोक पडलंय असा माझा दाट संशय आहे. पोट उघडायला हवं."

"मग उघडा की!"

"कसं उघडू? आई सही करत नाही. मुलगी शुद्धीवर आहे, सज्ञान आहे, ती मान हलवून नको म्हणते. कुठे केलं, कोणी केलं, आत काय सोडलं, विचारलं की डोळे मिटून घेते. आई एकच पाठ म्हणते, पिशवी फुटली."

"वेळ किती आहे?"

"आजचा दिवस म्हणा. उद्याचं मी बोलणार नाही."

आता तुम्हाला सांगतो, पोलिसाला घाई नवी नसते. पण आमची घाई नेहमी घटना घडून गेल्यानंतरची. आरोपी पळेल, पुरावा जाईल, ही आमची घाई. इथे जिवंत मुलगी काचेपलीकडे होती, तिला वाचवू शकणारा माणूस हात धुऊन दारात उभा होता, आणि मध्ये कसली तरी भिंत होती. ती कसली, हेच मला कळेना.

वडिलांना बाहेर बाकावर गाठलं. देवळ्याचे कांद्याचे व्यापारी, पांढरे कपडे, डोक्यावर टोपी, हातातला मोबाईल सारखा वाजत होता आणि ते सारखा बंद करत होते.

"काय झालं पाटील?" मी विचारलं. ते पाटील नव्हते, पण आपल्याकडे असं म्हटलं की माणूस मोकळा होतो.

"पिशवी फुटली साहेब. मी मार्केटात व्हतो. घरी आलो तर हिच्या आईनं सांगितलं. पोटात दुखत व्हतं म्हणून शेकत व्हती म्हणे."

"डॉक्टर ऑपरेशन म्हणतात. सही का देत नाही?"

ते खाली बघत म्हणाले, "हिची आई नको म्हणते. सोयरीक झालीय ना साहेब पोरीची. ओझरला पोरगा हाय, कारखान्यात परमनंट. साखरपुडा झालाय. पोटावर टाका आला तर ते लोक काय म्हणतील? औषधावर बसतं का बघा म्हणावं त्यांना."

खोटं बोलणारा माणूस तपशील फार देतो. पिशवी कुठली, पाणी किती गरम, कोण कुठे उभं होतं, सगळं न विचारता सांगतो. या माणसाकडे एकही तपशील नव्हता. त्याला जे सांगितलं होतं तेच तो सांगत होता. म्हणजे खोटं बोलणारं माणूस घरातच होतं, आणि त्याला तेही माहीत नव्हतं.

आईकडे गेलो. चांगली धडधाकट बाई, पण पदराचा बोळा तोंडाशी धरून बसलेली. समजावून सांगितलं, कायदा सांगितला, शेवटी माझा आवाज चढला. "अहो बाई, मुलगी मरेल तुमची! कळतंय का?" तिने बोळा आणखी घट्ट धरला. नर्स मला बाहेर घेऊन आली. मी जिन्यात उभा राहून स्वतःवरच चरफडलो. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, अशी आमची गत. भाजण्याचं मलम चोळत होते आणि मुलगी आतून कुजत होती.

हवालदार बाई म्हणाल्या, "साहेब, तुम्ही जरा चहा घेऊन या. मी इथे बसते. वर्दी नाही अंगावर, चालून जाईल."

आजाऱ्याला भेटायला जाणं हा आपल्याकडचा न चुकणारा रिवाज. रात्रीतून देवळ्यात बातमी गेली होती आणि सकाळपासून जीपा भरून माणसं येत होती. प्रत्येकाच्या हातात शहाळं नाहीतर बिस्किटाचा पुडा. आल्याबरोबर पहिला प्रश्न, "अगं बाई, कसं काय झालं?" ऐकून घ्यायचं, च्च च्च करायचं, दुसरा प्रश्न, "डॉक्टर कोण आहे?" मग आपल्या साडूच्या बहिणीला असंच कसं झालं होतं आणि तिला कुठल्या झाडपाल्याने गुण आला ते सांगायचं. आईला ती पिशवीची गोष्ट प्रत्येकाला नव्याने सांगावी लागत होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार चालला होता त्या बाईला.

मी चहा घेऊन परत येतो तोच हवालदार बाई जिन्यातच भेटल्या.

"साहेब, ती हिरव्या साडीवाली बघा. आईच्या शेजारी बसलीये ती. आली, बसली, आईचा हात धरला, कानात काहीतरी बोलली. पण कसं झालं ते विचारलंच नाही."

"मग?"

"मग काय साहेब! आमच्यात काय, तुमच्यात काय, आजाऱ्याला बघायला आलेली बाई ते विचारल्याबिगर पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही. या बाईला विचारायची गरजच नाही. तिला माहीत आहे."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. एवढ्या गर्दीत कोण काय बोललं हे मी ऐकलं असतं. कोण काय बोललं नाही, हे त्यांनी ऐकलं.

चौकशी केली. तिला सगळे काकू म्हणत होते. नाशिकला राहते, वधू-वर मेळावे भरवते, बायोडेटा फिरवते, आणि ही ओझरची सोयरीक तिनेच जमवलेली. मेट्रनची केबिन मागून घेतली आणि काकूंना आत बोलावलं. हवालदार बाई शेजारी बसल्या.

काकू मुरलेल्या होत्या. पदर सारखा करून म्हणाल्या, "विचारा साहेब. मी सोयरिकी जुळवते, पुण्याचं काम आहे. मला कसली भीती?"

मी काहीच विचारलं नाही. आरडाओरडा केला की भित्रा माणूस बोलतो. मुरलेल्याला शांतता सोसत नाही. पण मला ती शांतता परवडणारी नव्हती, घड्याळाकडे सारखं लक्ष जात होतं, पाय टेबलाखाली हलत होता. हवालदार बाईंनी माझी घालमेल ओळखली.

"काकू, मुलगी कशी वाटली?"

"होईल बरी. तरणी पोर आहे."

"पाणी फार गरम होतं का हो पिशवीत?"

"मला काय माहीत? मी थोडीच तिथे होते."

"मग आल्या आल्या विचारलं का नाही?"

काकूंनी पदर पुन्हा सारखा केला. त्या एका प्रश्नाची तयारी त्यांनी केलेली नव्हती.

मी टेबलावर दोन्ही हात ठेवले. "ऐका काकू. मुलगी आज गेली तर हे मरणाचं प्रकरण होईल आणि पहिला जबाब तुमचा असेल. वाचली तर गोष्ट वेगळी. कुठे नेलं होतं तिला?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. पण ही बाई स्वतःला चोर मानतच नव्हती, आणि तेच मला जास्त टोचलं. ती चिडून बोलायला लागली.

"माझं काय चुकलं सांगा ना! मुलाची आई बघायला आली तेव्हा म्हणाली, पोरगी गुणाची आहे, फक्त अंगानं जरा भरलेली आहे, लग्नापर्यंत होईल ना बारीक? मी म्हटलं, होईल. वडील तिथेच पाहुण्यांबरोबर बसलेले, त्यांनीही ऐकलं, पण काही बोलले नाहीत. आईला बाजूला घेऊन म्हटलं, माझ्या ओळखीचं क्लिनिक आहे, सकाळी गेलं की संध्याकाळी घरी. मी काय एकटीला नेलं? कितीजणींना नेलं, कोणाचं नाक, कोणाचं पोट, कोणाच्या हनुवटीखालचं. सगळ्यांचे संसार चाललेत. झाकली मूठ सव्वा लाखाची, साहेब. कोणाच्या सासरी पत्ता लागू दिला नाही मी."

"मग या दोघी आता तरी का बोलत नाहीत? मुलगी मरायला टेकलीये!"

तेव्हा ती जे बोलली, ते थोड्या अभिमानानेच बोलली.

"नाही बोलायच्या त्या. मी शपथ घातलीये. सगळ्यांनाच घालते. आईला लेकीच्या डोक्यावर हात ठेवायला लावते, आणि गडावरच्या देवीची शपथ. बाहेर बोललीस तर हिचं मेलेलं तोंड बघशील."

हवालदार बाईंच्या तोंडून "या अल्ला!" असं निघून गेलं.

मला सकाळपासून जी भिंत कळत नव्हती ती हीच. मी त्या आईला ओरडून सांगत होतो, बोलली नाहीस तर मुलगी मरेल. आणि तिला देवीसमक्ष सांगितलेलं होतं, बोललीस तर मुलगी मरेल. मी सांगितलेल्या मरणाला तिने त्या मरणापुढे किंमत दिली नाही, एवढंच. मुलगीही तेच धरून पडली होती, कारण शपथ आईने उचललेली, मोडायची कशी? मी देवभोळा माणूस नाही. चतुर्थीसुद्धा बायकोच करते. पण त्या क्षणी मला कळलं की इथे माझा कायदा, डॉक्टरांचं शास्त्र, कशाचाच उपयोग नाही.

"उठा," मी म्हटलं. "चला, शपथ सोडवा."

काकूंचा चेहरा पहिल्यांदा उतरला. "अशी नाही सुटत साहेब. गडावर जाऊन ओटी भरावी लागते."

"ओटी मागाहून भरा. आत्ता तोंडानं सोडा. घाई कसली आहे ते देवीला कळतं."

अतिदक्षता विभागात एवढी माणसं सोडत नाहीत. सर्जननी त्या दिवशी सोडली. मुलगी पलंगावर होती, ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. आई उशाशी, वडील पायथ्याशी. काकू पुढे गेल्या, आणि मला वाटलं ही काहीतरी पुटपुटून मोकळी होईल. पण मुलीचं पोट बघितलं आणि ती जागीच थांबली. क्लिनिकच्या दारापर्यंत ती पोचवायची, पुढचं तिने कधी पाहिलंच नव्हतं. तिने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला.

"शपथ सुटली," ती म्हणाली. "शपथ सुटली गं बाई. मीच घातली, मीच सोडते. जे काय व्हायचं ते मला होवो, हिला नको."

आईने जो हंबरडा फोडला तो मी जन्मात विसरणार नाही. मग तिचं तोंड थांबेना. क्लिनिक कुठे, केव्हा गेलो, ऑपरेशन चालू असताना मुलगी कशी ओरडली, पोटात दुखतंय म्हणून नंतर फोन केले तर तिकडून काय सांगितलं. "होतं असं, गरम पाण्याच्या पिशवीनं शेका." पोटाची कातडी बधिर झालेली, तिला चटका कळलाच नाही, आणि भाजलं. म्हणजे पिशवीची गोष्ट अगदीच खोटी नव्हती. अर्ध्या खऱ्यावर तिने ते सगळं उभं केलं होतं.

वडील ऐकत होते. एकदा बायकोकडे, एकदा लेकीकडे बघत होते. मग एकदम डॉक्टरांचे हात धरून म्हणाले, "पोर वाचेल ना डॉक्टर? एवढंच सांगा. पोर बरी हुईन ना?" त्या क्षणी त्यांची घरची बोली आणखीच बाहेर आली.

मुलीने डोळे उघडले. तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"लग्न मोडलं तर मोडू द्या," ती म्हणाली. "मला जगायचंय. उघडा पोट."

अशा गंभीर रुग्णाचा जबाब नायब तहसीलदारांसमोर घ्यायचा असतो, पण त्यांना बोलवायला वेळ नव्हता. डॉक्टरांनी रुग्ण जबाब देण्याच्या स्थितीत असल्याचा शेरा दिला आणि हवालदार बाईंनी त्यांच्या समक्ष जबाब लिहून घेतला. ऑपरेशनच्या संमतीवर मुलीने स्वतः सही केली. मग पलंगाची चाकं फिरली आणि ती दाराआड गेली.

तिथे थांबून मी काय करणार होतो? महापालिकेच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि दोन पंचांना घेऊन थेट क्लिनिक गाठलं. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. बाहेर काच, संगमरवर, सुगंधी मेणबत्त्या. आत ऑपरेशनच्या खोलीत ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा, नळ्या साबणाच्या पाण्यात भिजत घातलेल्या. भूल देणारा डॉक्टर कधी येतच नसे. पाटीवर मुंबईच्या एका सर्जनचं नाव होतं. त्यांना फोन लावला तर ते म्हणाले, बोलावलं की येतो, या मुलीला मी पाहिलेलंही नाही. नळी चालवली होती ती संचालकाने स्वतः. त्याच्याकडे डॉक्टरकीची एक पदवी होती, पण शस्त्रक्रियेची नव्हती. कुठल्याशा कार्यशाळेला जाऊन आला होता आणि तिचं प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावलं होतं.

माणूस एकदम गोड. मला खुर्ची दिली, पाणी मागवलं.

"सर, मी कोणाला ओढून आणत नाही. स्वतःच्या पायांनी येतात, संमतीपत्रावर सही करतात. इतकी वर्षं झाली, एक तक्रार दाखवा माझ्याविरुद्ध."

"तक्रार कशी येईल? सगळ्यांच्या तोंडाला कुलूप लावूनच आत घेता तुम्ही."

"ते मला माहीत नाही सर. पेशंट कोण पाठवतं, काय सांगून पाठवतं, त्याच्याशी माझा संबंध नाही."

संबंध होता. काकूंना तिकडून काय मिळत होतं ते पुढे तपासात आलंच, त्यात शिरत नाही. पण मला त्याचं दुसरं वाक्य जास्त झोंबलं. स्वतःच्या पायांनी येतात. अरे बाबा, तीच तर गोष्ट आहे! आजारी माणूस डॉक्टरकडे नाइलाजाने जातो. इथे धडधाकट माणूस चालत येतो. मग त्याला परत धडधाकट घरी पाठवण्याची जबाबदारी दुप्पट नको? आणि त्याआधी, बाई, तुला काहीही झालेलं नाही, घरी जा, असं सांगण्याची हिंमत नको? मी सरसकट सगळ्यांना बोलत नाही. ज्या शास्त्राने हा माणूस दुकान चालवत होता, त्याच शास्त्राने भाजलेल्या, फाटलेल्या चेहऱ्यांना रूप परत मिळताना मी सिव्हिलला पाहिलेलं आहे. तिथले डॉक्टर आधी नाही म्हणायला शिकलेले असतात.

पंचनामा चालू असताना काउंटरवरचा फोन सारखा वाजत होता. शेवटी हवालदार बाईंनी उचलला. तिकडे कोणी तरुण मुलगी होती, तारीख मागत होती. बाईंनी सरळ सांगितलं, "इथे पोलिसांची कारवाई चालू आहे. इथे आलेली एक मुलगी मरायला टेकली आहे. क्लिनिक बंद आहे." मग ती म्हणाली, "अच्छा. मग परत कधी उघडणार?"

बाईंनी फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी पंचांवर उगीचच खेकसलो.

मुलगी वाचली. आतड्याला भोक होतं, डॉक्टरांचा संशय खरा ठरला. पुढे बरेच दिवस ती रुग्णालयात होती, पोटावर उभा टाका आला. ओझरहून निरोप आला, आम्हाला चालेल, आमची काही हरकत नाही. तिने वडिलांना सांगितलं, मला नाही चालत. सोयरीक मोडली. आमच्या प्रकरणात जिल्हा शल्यचिकित्सकांच्या समितीचा अहवाल आला, गुन्हा दाखल झाला, संचालकाला अटक झाली आणि जामीनही झाला. त्याने नातेवाइकाच्या नावावर दुसरीकडे पुन्हा काहीतरी उघडल्याचं मला लोक सांगतात. खरं-खोटं बघायला आता माझ्याकडे अधिकार नाही. म्हणूनच फेऱ्या मारतो.

काकू माफीची साक्षीदार झाली. ओटी भरली की नाही ते मी विचारलं नाही. काकूंनी नेलेल्या बाकीच्या मुलींना आम्ही गाठायचा प्रयत्न केला. दारं उघडली, चहा मिळाला, आणि प्रत्येक घरात एकच उत्तर मिळालं, आमच्याकडे तसं काही नाही साहेब. एका घरात मुलगी दाराआडून बघत होती, सारखा रुमाल नाकाला लावत होती. तिच्या सासूसमोर मी काय विचारणार? पाणी प्यायलो आणि निघालो. गुन्हेगार लपतो हे मला नोकरीने शिकवलं होतं. ज्याच्यावर गुन्हा झाला तोच लपतो, आणि आपण सगळे मिळून त्याला लपायला लावतो, हे या प्रकरणाने शिकवलं. हे शिकून मला बरं वाटलं असं मात्र नाही.

मी निवृत्त झाल्यावर खटला उभा राहिला. आमच्या साक्षी झाल्या. मग बचाव पक्षाने त्या मुलीला उलटतपासणीसाठी पुन्हा बोलावलं. आमच्या साक्षी होऊन गेल्या असल्याने मला आणि तिच्या वडिलांना आत बसता आलं. ती आता एका शाळेत नोकरी करत होती. साधी साडी, हातात पर्स, चांगली ठाम उभी राहिली.

बचावाचे वकील अनुभवी होते. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "तुम्हाला या ऑपरेशनसाठी कोणी जबरदस्ती केली होती का?"

"नाही," ती म्हणाली.

"आईने केली?"

"नाही."

"मुलाकडच्यांनी?"

"नाही."

वकिलांनी समाधानाने कागद मिटले. "एवढंच, युअर ऑनर."

"माझं झालं नाही," मुलगी म्हणाली. न्यायाधीशांनी मान वर केली आणि तिला बोलू दिलं. "जबरदस्ती कोणीच केली नाही. सगळ्यांनी नुसतं सुचवलं. पण तू आहेस तशीच बरी आहेस, असंही मला कोणी म्हणालं नाही. ना त्या डॉक्टरांनी, ना घरात कोणी. एकजण जरी म्हणालं असतं ना, तर मी गेले नसते."

टायपिस्टने तिचं उत्तर टाइप केलं. माझ्या शेजारी तिचे वडील बसले होते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

बाहेर आल्यावर मुलगी आईबरोबर पुढे चालत गेली. वडील मागे राहिले, माझ्याजवळ. मग म्हणाले, "साहेब, मी म्हणालो असतो हो. त्या दिवशी पोराच्या आईसमोरच म्हणालो असतो. पण मला वाटलं, पोरीला ते ठाऊकच असंल."